स्पर्शाविना निदान

कोणाची भाषा साहित्याची आणि कोणाची ओवळी, हा वाद आपल्या आधीच्या पिढीने जिद्दीने लढवला. ‘बलुतं’, ‘उपरा’, ‘अक्करमाशी’, ‘जिणं आमुचं’ ही पुस्तके आज विद्यापीठांत शिकवली जातात. मी स्वतः ती वर्गात शिकवतो. त्यामुळे तो वाद संपला अशी माझी समजूत होती. गेल्या पावसाळ्यात आईच्या आजारपणाने ती समजूत मोडली. म्हणून समीक्षेच्या या पानांवर मी दुखण्याविषयी लिहीत आहे. विषय परका वाटला तर वाचकांनी थोडा धीर धरावा.

मी रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. घराण्यातला पहिला पदवीधर मीच. माझ्या वर्गात आगरी, कोळी, बौद्ध मुले आहेत. कातकरी फार थोडी. या सर्वांच्या हातात आता फोन आहे आणि फोनमध्ये कृत्रिम बुद्धिमत्ता आहे. २०२२ च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी लोकांसाठी खुले झाले आणि पाठोपाठ तशीच अनेक यंत्रे आली. मुले त्यावर निबंध लिहून घेतात हे आम्हा प्राध्यापकांना लवकर कळले, आणि त्यावर आम्ही सभा घेतल्या. मुले त्यावर घरातली दुखणी विचारतात हे मात्र उशिरा कळले, आणि त्यावर कोणी सभा घेतली नाही. बापाच्या रक्ततपासणीचा कागद, बहिणीची थांबलेली पाळी, स्वतःच्या अंगावरचे चट्टे, रात्र रात्र न येणारी झोप, हे सारे मध्यरात्री त्या यंत्रापुढे मांडले जाते.

मुले असे का करतात? ‘अज्ञानामुळे’ हे उत्तर म्हणजे पांढरपेशा आळस होय. मी मुलांना विचारले तेव्हा त्यांनी दिलेली कारणे अगदी रोकडी होती. यंत्र पैसे मागत नाही. रोजगार बुडत नाही. ते ओरडत नाही, ‘एवढे दिवस काय करत होता?’ असे विचारत नाही. एका मुलीने सांगितले, ‘सर, ते आडनाव विचारत नाही.’ या एका वाक्यावर मी पुष्कळ दिवस विचार करीत आहे. जिला आडनाव सांगताना अजून आवाज खाली करावा लागतो, तिला आडनाव न विचारणारे यंत्र मोकळीक वाटणारच. या मोकळिकीची टिंगल करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

परंतु या मोकळिकीचा इतिहास मात्र तपासला पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत एक प्रसंग आहे. तो त्यांचा स्वतःचा नाही. काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त छापले गेले होते, ते बाबासाहेबांनी तेथे घेतले. शिक्षकाची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांत आजारी पडली. श्वास लागला, बरगड्या दुखू लागल्या. डॉक्टर अस्पृश्यांच्या वस्तीत यायला तयार नव्हता. फीची हमी मिळाल्यावर तो आला, पण वस्तीबाहेरच तपासीन या अटीवर. ओल्या बाळंतिणीला पोरासह बाहेर आणावे लागले. डॉक्टरने तापमापक एका मुसलमान माणसाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याच्या हाती, नवऱ्याने बायकोला लावला, आणि त्याच वाटेने तो परत गेला. दिव्याच्या उजेडात डॉक्टरने आकडा पाहिला आणि न्यूमोनिया आहे असे सांगितले. पुढे तो पाहायलाही आला नाही. डॉक्टरने आकडा वाचला. बाई वाचली नाही.

निदान कदाचित बरोबरही असेल. पण छातीला कान न लावता, नाडीला बोट न लावता, बाईशी एक शब्द न बोलता केलेले ते निदान होते. आपल्या समाजाला स्पर्शाविना निदान नवीन नाही. आजच्या यंत्राला हातच नाही, तेव्हा त्याला विटाळ होण्याचा प्रश्न नाही. हा फरक मोठा आहे आणि तो मी मान्य करतो. तरीही दोहोंत एक गोष्ट समान आहे. मध्ये भिंत आहे, आणि त्या भिंतीतून जे पलीकडे जाईल तेवढेच निदानाच्या कामी येईल. तेथे पारा पलीकडे गेला. येथे शब्द जातात. मग प्रश्न उभा राहतो की, कोणाचे शब्द?

आता माझी कबुली. आषाढात, लावणीच्या दिवसांत, आईचा फोन आला. आमची वाडी डोंगराच्या कडेला चढावर आहे. आई त्रेसष्ट वर्षांची. जन्मभर दुसऱ्याच्या खाचरात राबलेली. ती म्हणाली, ‘चढावर आलं का जीव घाबरा व्हतो रे. पाठीत भरून येतं, जबडा वढल्यावानी व्हतो. बसलं का बरं वाटतं.’ मी यंत्र उघडले आणि इंग्रजीत विचारले. इंग्रजीत विचारले की उत्तर नीट येते, असा माझा अनुभव. आणि खरे सांगायचे तर इंग्रजीत विचारताना मला आपण शिकल्यासारखे वाटते. ‘जीव घाबरा होतो’ याचे मी ‘चिंता वाटते’ असे केले. ‘पाठीत भरून येतं’ याची पाठदुखी झाली. जबडा मला किरकोळ वाटला, तो गाळला. चढ गाळला. बसल्यावर बरे वाटते हेही गाळले. कारण तो मला बायकांच्या बोलण्यातला फापटपसारा वाटला. उरले ते असे: वय त्रेसष्ट, स्त्री, शेतमजूर, चिंता आणि पाठदुखी.

उत्तर सुबक आले. वयपरत्वे स्नायू ताठरतात, मानसिक ताणाने धडधड होते. दीर्घ श्वसन करावे, वजन उचलू नये, पुरेशी विश्रांती घ्यावी, संतुलित आहार ठेवावा, आणि त्रास राहिल्यास जवळच्या तज्ज्ञाला दाखवावे. मी ते मराठीत करून आईला सांगितले. ती हसली. ‘लावणी टाकून श्वास घेत बसू का?’ म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी कामाला गेली.

बारा दिवसांनी वाडीत येणारी आशाताई आमच्या घरी टेकली. बारावीपर्यंत शिकलेली, आणि जिला शासन कर्मचारी न मानता मानधनावर राबवते अशी ही बाई. तिने आईला तीन प्रश्न विचारले. कधी व्हतं? काय करताना व्हतं? थांबल्यावर राहतं का जातं? आणि त्याच दिवशी तिने आईला गाडीत घालून दवाखान्यात नेले. हृदयाचा आलेख काढला गेला. पुढे मुंबईत हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचे निघाले. आई आज बरी आहे. गोळ्या चालू आहेत, चढ हळू चढते.

श्रम केल्यावर उठणारी आणि थांबल्यावर जाणारी वेदना हृदयाची असू शकते, ती छातीऐवजी पाठीत, जबड्यात, खांद्यातही येते, आणि स्त्रियांमध्ये ती धाप, मळमळ, थकवा अशा रूपाने पुष्कळदा येते, हे वैद्यकाच्या साध्या पुस्तकात असते. म्हणजे आईच्या बोलण्यात ‘चढ’, ‘जबडा’ आणि ‘बसलं का बरं वाटतं’ हेच निदानाचे शब्द होते. एका निरक्षर बाईने आपले दुखणे कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा नेमके सांगितले होते. तिच्या पदव्युत्तर मुलाने ते शुद्ध करून बिघडवले.

आई दवाखान्यातून घरी आल्यावर एका रात्री मी तेच यंत्र पुन्हा उघडले आणि या वेळी तिची वाक्ये जशीच्या तशी, तिच्याच बोलीत लिहिली. यंत्राने पहिल्याच ओळीत सांगितले की, हे हृदयाचे लक्षण असू शकते, वेळ न घालवता दवाखान्यात जावे. यंत्राला ते ठाऊक होते! मी मात्र त्याला माझे ऐकवले होते, आईचे नव्हे.

हा एकट्या माझा अनुभव असता तर तो घरात ठेवला असता. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १,२९८ सामान्य माणसांवर याच प्रश्नाचा प्रयोग केला. २०२५ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. आजाराची बनवलेली प्रकरणे यंत्रांना थेट वाचायला दिली तेव्हा सुमारे ९५ टक्के प्रकरणांत त्यांनी संबंधित आजार ओळखले. तीच प्रकरणे माणसांना देऊन, यंत्राशी बोलून आजार ओळखा असे सांगितले, तेव्हा हे प्रमाण ३५ टक्क्यांच्याही खाली आले. यंत्राची मदत न घेतलेल्या माणसांपेक्षाही ही माणसे पुढे गेली नाहीत. ज्ञान यंत्रात होते, पण बोलण्यात ते सांडले. माणसांनी अर्धेच सांगितले, आणि यंत्राने दिलेल्या उत्तरातले काय धरावे तेही त्यांना कळले नाही. ही माणसे इंग्रजीच बोलणारी होती. मग आपल्या माणसाला दुखण्यापासून बोलीपर्यंत, बोलीपासून प्रमाण मराठीपर्यंत आणि तेथून इंग्रजीपर्यंत तीन पायऱ्या चढाव्या लागतात, तेव्हा प्रत्येक पायरीवर किती सांडत असेल याचा विचार वाचकांनीच करावा.

अशा ठिकाणी समीक्षकाचे काम सुरू होते. यंत्राचे उत्तर हीही एक संहिता आहे, आणि कोणत्याही संहितेला आपण जो पहिला प्रश्न विचारतो तो तिलाही विचारला पाहिजे: हिने वाचक कोण गृहीत धरला आहे? ‘पुरेशी विश्रांती घ्या.’ ज्याला विश्रांती मागता येते असा वाचक. ‘संतुलित आहार ठेवा.’ ज्याच्या घरी आहार निवडता येतो असा. ‘जवळच्या तज्ज्ञाला दाखवा.’ ज्याच्या जवळ तज्ज्ञ आहे असा. आमच्या खाडीकाठच्या वाड्यांतून हृदयाच्या तज्ज्ञाकडे जायचे तर एक दिवसाची मजुरी, गाडीभाडे आणि सोबतीला एक माणूस लागतो. म्हणजे उत्तरातील एकही वाक्य खोटे नाही, आणि तरीही ते सारे दुसऱ्या कोणाला तरी उद्देशून आहे. प्रस्थापित मराठी कथेत आपण जसे नव्हतो, तसे या उत्तरातही आपण नाही.

याचे कारण यंत्राच्या घडणीत आहे. अफाट लिखित मजकूर वाचून, कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव आहे याचे गणित ते शिकलेले असते. म्हणजे जे लिहिले गेले तेच त्याचे जग. त्या मजकुरात इंग्रजीचा वाटा प्रचंड आहे. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणारे लोक ८ कोटी ३० लाखांवर. पण लिखित जगातला मराठीचा वाटा त्या मानाने फारच लहान. त्या मराठीतही आगरी, कोळी बोली, कातकऱ्यांची बोली, आमच्या वाडीतल्या बायांचे बोलणे किती? ज्यांना हजारो वर्षे अक्षराला शिवू दिले नाही त्यांचे दुखणे अक्षरांच्या ढिगात कोठून सापडणार? यंत्राने जातीयता केली असे मी म्हणत नाही. ग्रंथालयात जी पुस्तके नव्हती ती त्याने वाचली नाहीत, एवढेच.

येथे एक जुनी गोष्ट आठवते. १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. त्याची प्रस्तावना लिहिताना विजय तेंडुलकरांपुढे अनेक शब्द असे होते की जे त्यांना कळत नव्हते. त्यांनी तसे मोकळेपणाने मान्य केले. मध्यमवर्गीय लेखकाच्या हातून ही फार मोलाची गोष्ट घडली. ‘हा शब्द मला कळला नाही’ असे म्हणणे ही समीक्षेची पहिली पायरी आहे, आणि वैद्यकाचीही. माझ्या त्या पहिल्या प्रश्नाला उत्तर देताना यंत्राने मला काही विचारले नाही. ‘चिंता म्हणजे नक्की काय होते? कधी होते?’ एवढे विचारले असते तरी चढ बाहेर आला असता. ते न विचारता त्याने पाच शब्दांवर पंधरा ओळींचे उत्तर रचले. न कळलेले कळल्यासारखे सफाईने बोलणे हा त्याचा दोष आहे. आणि तो आपल्या विद्यापीठीय समीक्षेचाही जुना दोष आहे. आशाताईने तीन प्रश्न विचारले, तेथे ती यंत्राच्या आणि माझ्याही पुढे गेली.

आता याची दुसरी बाजू पाहू. त्या यंत्रात आपण मुळीच नाही असे म्हणणेही खरे नाही. महाड म्हटले की आपल्याला २० मार्च १९२७ आणि चवदार तळे आठवते. त्याच महाड तालुक्यात, बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात डॉ. हिम्मतराव बावस्कर नावाचा तरुण डॉक्टर आला. भातशेतीच्या या मुलखात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः लहान मुले, दगावत. विंचू उतरवणारे होते. पण मरण का येते हे नीट कळलेले नव्हते. बावस्करांनी रोग्याच्या उशाशी रात्री काढल्या. दरदरून घाम, उलट्या, थंडगार पडलेले हातपाय ही लक्षणे तासातासाने टिपून ठेवली. विष हृदयावर आघात करते आणि फुप्फुसांत पाणी साठते हे त्यांनी पाहिले. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात त्यांची निरीक्षणे छापून आली, आणि प्रॅझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीने हे मरण टळते हे त्यांनी १९८६ मध्ये तेथेच मांडले. मरणाचे प्रमाण एकदम खाली आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आज जगात कोठेही कोणी यंत्राला लाल विंचवाच्या दंशाविषयी विचारले तर उत्तरात प्रॅझोसिन येते. ते ज्ञान कोठून आले? महाडच्या खेड्यांतून खाटेवर घालून आणलेल्या शेतकऱ्यांच्या, मजुरांच्या, त्यांच्या मुलांच्या अंगावरून आले. त्यांचा घाम, त्यांचे थंड हातपाय ‘लॅन्सेट’मधून यंत्रात गेले. नावे मात्र गेली नाहीत. म्हणजे आपले शरीर त्या ज्ञानात आहे, पण आपली वाणी त्यात नाही. शरीर वाणीसह ज्ञानात जायचे असेल तर कोणीतरी उशाशी बसून विचारावे लागते. बावस्कर बसले, म्हणून एवढे तरी पोचले.

वाणी नसली म्हणजे काय होते याचा पुरावा अमेरिकेतही आहे. ज्या कृष्णवर्णीयांच्या लढ्यापासून स्फूर्ती घेऊन १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली, त्यांच्याविषयीचा हा पुरावा आहे. तेथील रुग्णालयांत एक गणिती यंत्रणा रुग्ण निवडत असे: कोणाला जादा देखभाल द्यावी ते ठरवण्यासाठी. २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात संशोधकांनी तिची चिरफाड केली. ती यंत्रणा वंश विचारत नव्हती. ती रुग्णावर पूर्वी झालेल्या खर्चावरून त्याची गरज मोजत होती. कृष्णवर्णीयांवर खर्चच कमी झालेला, म्हणून ते कमी आजारी ठरत. ही चूक दुरुस्त केली तर जादा देखभालीसाठी निवडल्या जाणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असे त्यांनी दाखवले. ‘ते आडनाव विचारत नाही’ असे माझी विद्यार्थिनी म्हणाली होती. तिला मला आता उत्तर देता येते. आडनाव न विचारताही अन्याय चालू राहू शकतो. मागचा हिशेब जसाच्या तसा पुढे ओढला की पुरते.

मग या यंत्राला नकार द्यावा का? नकार हे आपले मोठे मूल्य आहे. पण नकार कशाला द्यायचा हे नीट पाहिले पाहिजे. माझ्याच एका विद्यार्थ्याने बापाच्या रक्ततपासणीचा कागद यंत्राकडून समजून घेतला. क्रिएटिनिन म्हणजे काय, ते वाढले म्हणजे मूत्रपिंडाचे काय होते, आणि डॉक्टरांना काय विचारावे, हे त्याने मराठीत लिहून नेले. आजवर ‘गोळ्या घ्या आणि महिन्याने या’ एवढेच ऐकणाऱ्या बापाला त्या दिवशी पहिल्यांदा आपला आजार समजावून सांगितला गेला, कारण मुलाच्या हातात प्रश्न होते. ज्ञानाच्या दारावर पहारेकरी उभे करून ज्या व्यवस्थेने आपल्याला बाहेर ठेवले, त्या दाराची एक फट यंत्राने उघडली असेल तर ती बुजवण्यात आपले हित नाही.

तेव्हा नकार यंत्राला देऊ नये. नकार द्यायचा तो भाषांतराला. आईचे दुखणे सुधारून, सोवळे करून पुढे ठेवण्याच्या आपल्या सवयीला. ही सवय आपल्याला शाळेने लावली. घरचे शब्द निबंधात आले की लाल रेघ ओढली जाई. ती रेघ आता आपल्या डोक्यात आहे, आणि आईच्या छातीवरूनही आपण तीच ओढतो.

मराठीत दुखण्याला किती शब्द आहेत ते पाहा. कळ उठते, ठणका लागतो, चमक निघते, तिडीक जाते, शिणक भरते, उसण धरते, मुरडा येतो. ठुसठुसते, चुरचुरते, जळजळते, मळमळते. अंगात कणकण, कसकस, हुडहुडी. डोळ्यांपुढे अंधारी, घेरी, भोवळ. हातापायांना मुंग्या आणि रग. यांतला एक शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. मुरडा थांबून थांबून येतो, ठणका थांबत नाही, चमक आली तशी जाते. हे फरक वैद्यकालाही हवे असतात. कॅनडात मॅकगिल विद्यापीठाच्या रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये वेदनेचे इंग्रजी शब्द जमवून, ७८ शब्दांची २० गटांत मांडणी करून एक प्रश्नावली केली. रोग्याने निवडलेल्या शब्दावरून दुखण्याचे स्वरूप ओळखण्याची ही रीत जगभर वापरली गेली. रोग्याचा शब्द हाही पुरावाच आहे, हे त्यांनी ओळखले.

हे काम आपल्या बोलींत करायला कोणी बाहेरचा मेलझॅक येणार नाही. मराठीचे विद्यार्थी आणि शिक्षक ते करू शकतात. या वर्षी मी माझ्या वर्गाला तोच प्रकल्प दिला आहे. प्रत्येकाने घरातल्या वडीलधाऱ्या बाईकडून दुखण्याचे वीस शब्द, ती वापरते त्या वाक्यासह आणायचे. कधी होते, काय करताना होते, कशाने राहते हेही लिहायचे. एका मुलाने विचारले, ‘सर, हे शब्द छापले की त्या कंपन्यांची यंत्रे ते फुकट घेणार ना?’ प्रश्न योग्य आहे. आपल्या पूर्वजांनी गावाची वेठ केली आणि मोबदल्यात शिळे तुकडे घेतले. शब्दांचीही वेठ होऊ शकते. म्हणून हा कोश प्रथम आशाताईंच्या, परिचारिकांच्या आणि शहरातून बदलून येणाऱ्या तरुण डॉक्टरांच्या हाती जायला हवा. यंत्र नंतर घेईल तेव्हा घेवो; निदान ते ऐकताना अडखळणार नाही.

कार्यकर्त्यांसाठी चार गोष्टी स्पष्ट सांगतो. यंत्राला विचारायचेच असेल तर रोग्याच्या शब्दांत विचारावे, आणि काही गाळू नये. त्याच्याकडून प्रश्न घ्यावेत, औषध घेऊ नये. अमेरिकेत साठ वर्षांच्या एका माणसाने अशा यंत्राशी सल्लामसलत करून जेवणातल्या मिठाऐवजी सोडियम ब्रोमाइड खाल्ले आणि तीन महिन्यांनी भ्रमिष्ट अवस्थेत रुग्णालयात गेला, ही हकीगत २०२५ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली आहे. छातीत दुखणे, दम कोंडणे, सर्पदंश, विंचूदंश, मुलाला झटके, यांत यंत्राशी बोलत बसू नये. १०८ ला फोन करावा. आणि दुसऱ्याचे दुखणे त्याला विचारल्याशिवाय यंत्रात घालू नये, कारण गेलेला शब्द कोठे साठतो हे आपल्या हातात राहत नाही.

१८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या, दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. दिव्याच्या उजेडात पाहिलेला तापमापक आणि सावित्रीबाईंची पाठ, या दोन्ही गोष्टी आपल्या इतिहासात आहेत. कोणतेही नवे यंत्र आले की त्याला या दोहोंच्या मधे कोठेतरी ठेवून पाहावे, एवढेच मला सांगायचे आहे.

आईला मी नंतर विचारले, आशाताईला एवढ्या लवकर कसे कळले? आई म्हणाली, ‘तिनं इचारायच्या आधी माझा हात हातात घेतला ना. हात गार पडलेला, घामानं ओला. तू काय फोनात बघत व्हतास.’